९० + ९० = ९३

एखाद्या विद्यार्थ्याने वहीत ९० + ९० = ९३ असे लिहिले तर शिक्षक त्यावर लाल फुली मारतील. ध्वनीच्या बाबतीत मात्र हेच उत्तर बरोबर आहे. समजा, एका ठिकाणी उभे राहून मोजले असता एका ढोलाचा आवाज ९० डेसिबल भरतो. तसाच दुसरा ढोल त्याच्या शेजारी वाजू लागला तर ध्वनिमापकावर १८० हा आकडा येत नाही, ९३ येतो. दहा ढोल वाजले तर १०० येतो आणि शंभर ढोल वाजले तर ११०.

हे गणित विचित्र वाटते, म्हणून बहुधा ते सोडूनच दिले जाते. ध्वनिप्रदूषणाचा धडा शिकवताना फळ्यावर एक तक्ता येतो: कुजबुज ३० डेसिबल, संभाषण ६०, वर्दळीचा रस्ता ८०. विद्यार्थी तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि ८० म्हणजे ६० पेक्षा थोडे जास्त, अशी समजूत करून घेऊन पुढे जातात. प्रत्यक्षात ८० डेसिबलचा ध्वनी ६० डेसिबलच्या ध्वनीपेक्षा शंभरपट ऊर्जा आपल्या कानापर्यंत आणत असतो. हा तक्ता वाचायचा कसा हे माहीत नसेल, तर 'मिरवणुकीचा आवाज मर्यादेपेक्षा फक्त दहा डेसिबलने जास्त होता' या वाक्याचा अर्थ कळणार नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाला आपले शिकवणे का समजत नाही, हेही लक्षात येणार नाही. म्हणून या लेखात डेसिबलची बेरीज-वजाबाकी नीट समजून घेऊ या.

हवेतून नेमके काय येते?

ढोलाच्या कातड्यावर टिपरू पडले की कातडे पुढे-मागे थरथरते. पुढे येताना ते समोरच्या हवेला दाबते, मागे जाताना तिथे हवा विरळ होते. दाबलेली हवा पुढच्या हवेला ढकलते, ती तिच्या पुढच्या हवेला. अशा रीतीने संपीडन आणि विरलन यांची मालिका पुढे सरकत जाते. हवेचे कण मात्र आपापल्या जागेच्या आसपासच हेलकावे खातात. ढोलाजवळची हवा आपल्या कानापर्यंत येत नाही. तिने पुढे दिलेला धक्का येतो. हवेचे तापमान २०° सेल्सिअस असेल तर हा धक्का सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने प्रवास करतो.

हे दाखवण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. एका पातेल्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी कापून घट्ट ताणून बांधा आणि तिच्यावर साखरेचे थोडे दाणे पसरा. पातेल्यापासून वीतभर अंतरावर पत्र्याचा रिकामा डबा धरून त्यावर चमच्याने जोरात ठोका. डबा पातेल्याला कोठेही टेकलेला नसतानाही साखरेचे दाणे उड्या मारतात. आपल्या कानाचा पडदा हा असाच एक ताणलेला पडदा आहे.

हे धक्के किती लहान असतात, याची कल्पना सहसा नसते. आपल्या सभोवतालच्या हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. एक मीटरवर बसून कुणी आपल्याशी नेहमीच्या आवाजात बोलत असेल, तर त्यामुळे हवेच्या दाबात होणारा चढउतार सुमारे ०.०२ पास्कल, म्हणजे एकूण दाबाचा पन्नास लाखांवा भाग असतो. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा ध्वनी तर याच्याही हजारावा भाग दाब निर्माण करतो.

ऊर्जेचा हिशेबही असाच आहे. नेहमीच्या आवाजात बोलणारा माणूस ध्वनीच्या रूपात सेकंदाला जी ऊर्जा बाहेर टाकतो, ती एका वॅटचा साधारण ऐंशी हजारावा भाग भरते. सुमारे आठ लाख माणसे एकाच वेळी बोलत राहिली आणि त्यांच्या आवाजाची सगळी ऊर्जा गोळा करता आली, तर तिच्यावर दहा वॅटचा एक एलईडी दिवा लागेल. इतक्या थोड्या ऊर्जेवर आपला कान काम करतो. तो इतका नाजूक का, आणि त्याला इजा इतक्या सहज का होते, याचे उत्तर येथेच आहे.

कान फरक मोजत नाही, पट मोजतो

हातात एक पुस्तक असताना त्यावर तसेच दुसरे ठेवले तर वजन वाढल्याचे लगेच जाणवते. वीस पुस्तकांचा गठ्ठा हातात असताना त्यावर एकविसावे ठेवले तर ते जाणवतही नाही. दोन्ही वेळी भर पडली ती एकाच पुस्तकाची. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे प्रयोग पद्धतशीरपणे केले. वजनात किती ग्रॅम भर पडली यापेक्षा मूळ वजनाच्या किती पट भर पडली, यावर आपली जाणीव अवलंबून असते, असे त्याला आढळले. प्रकाश आणि ध्वनी यांच्या बाबतीतही साधारणपणे असेच घडते.

कानाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. जेमतेम ऐकू येणाऱ्या ध्वनीची तीव्रता दर चौरस मीटरला एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग असते. ज्या ध्वनीने कान दुखू लागतो त्याची तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे एक वॅट असते. म्हणजे कानाची झेप एकापासून एकावर बारा शून्ये इथपर्यंत आहे. एवढी लांब पट्टी साध्या आकड्यांत लिहायची तर सोनाराच्या काट्यावर तांदळाचा दाणा आणि मालाने भरलेला ट्रक दोन्ही तोलण्यासारखे होईल.

यावर उपाय सोपा आहे: आकडा लिहिण्याऐवजी त्यातली शून्ये मोजायची. जेमतेम ऐकू येणाऱ्या ध्वनीपेक्षा दहापट तीव्र ध्वनीसाठी एक शून्य, म्हणून १ बेल. शंभरपट तीव्र ध्वनीसाठी २ बेल. एकावर बारा शून्ये म्हणजे १२ बेल. बेल हे एकक व्यवहारात मोठे पडते, म्हणून त्याचा दहावा भाग घेतला. डेसिमीटरमधला 'डेसि' तोच. १२ बेल म्हणजे १२० डेसिबल. उच्च माध्यमिक वर्गातील विद्यार्थी यात लॉगॅरिदम ओळखतील. लहान वर्गांना 'शून्ये मोजा आणि दहाने गुणा' एवढे सांगितले तरी पुरे.

एककाला नाव मिळाले ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे. दूरध्वनीचे पेटंट त्यांना १८७६ मध्ये मिळाले, हे सर्वांना माहीत आहे. ते मुळात कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते आणि त्यांची आई व पत्नी दोघींनाही श्रवणदोष होता, हे मात्र कमी सांगितले जाते. लांब तारांमधून जाताना दूरध्वनीचा संदेश किती क्षीण होतो हे मोजण्यासाठी १९२० च्या दशकात अभियंत्यांनी हे एकक वापरात आणले.

येथे विद्यार्थ्यांचा एक नेहमीचा गैरसमज दूर करता येईल. शून्य डेसिबल म्हणजे ध्वनीचा अभाव नव्हे. तो मोजणीचा ठरवून घेतलेला आरंभबिंदू आहे, जसा सेल्सिअस पट्टीवर पाणी गोठण्याचा बिंदू. शून्याच्या खालीही ध्वनी असू शकतो. फक्त आपल्याला तो ऐकू येत नाही.

डेसिबलची बेरीज

आता सुरुवातीच्या बेरजेकडे वळू. दुसरा ढोल वाजू लागला की ऊर्जा दुप्पट होते. दोन या संख्येचा लॉगॅरिदम ०.३०१ आहे. त्याला दहाने गुणले की ३.०१, म्हणजे जवळजवळ ३. म्हणून ऊर्जा दुप्पट झाली की पातळी ३ डेसिबलने वाढते, मग ती ३० वरून ३३ होवो की ९० वरून ९३. पुढचा छोटा तक्ता फळ्यावर लिहून ठेवावा:

ऊर्जा २ पट — ३ डेसिबल वाढ
ऊर्जा ४ पट — ६ डेसिबल वाढ
ऊर्जा ८ पट — ९ डेसिबल वाढ
ऊर्जा १० पट — १० डेसिबल वाढ
ऊर्जा १०० पट — २० डेसिबल वाढ
ऊर्जा १००० पट — ३० डेसिबल वाढ

एवढ्या सहा ओळी हाताशी असल्या की बरीच उदाहरणे तोंडी सुटतात. सगळे ढोल आपल्यापासून सारख्याच अंतरावर आहेत असे धरले, तर ६४ ढोलांच्या पथकाचा आवाज किती? एकाचे दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सहा वेळा दुप्पट, म्हणून सहा त्रिक अठरा. ९० अधिक १८ म्हणजे १०८ डेसिबल.

आता हेच गणित उलट करा. शंभर ढोलांच्या पथकाचा आवाज ११० डेसिबल आहे आणि तो १०० वर आणायचा आहे. किती ढोल थांबवावे लागतील? विद्यार्थी बहुधा दहा म्हणतील. बरोबर उत्तर नव्वद आहे. पन्नास ढोल थांबवले तरी आकडा फक्त १०७ वर येईल, आणि ऐकणाऱ्याला फारसा फरक जाणवणार नाही. 'आम्ही यंदा भिंतीतले निम्मे स्पीकर कमी केले' असे कुणी अभिमानाने सांगितले, तर त्यातून ३ डेसिबल कमी झाले एवढाच त्याचा अर्थ.

अंतराचे गणित अधिक उपयोगी पडते. मोकळ्या जागेत ध्वनी चहूकडे पसरतो. अंतर दुप्पट झाले की तीच ऊर्जा चौपट क्षेत्रफळावर वाटली जाते, म्हणून पातळी ६ डेसिबलने उतरते. उलट, अंतर निम्मे केले की ६ डेसिबलने चढते. आपल्या देशात फटाक्यांसाठी ठरवलेली मर्यादा फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल अशी आहे. या हिशेबाने तोच फटाका २ मीटरवर १३१ आणि १ मीटरवर १३७ डेसिबल होतो. वात पेटवून मागे न सरणाऱ्या मुलाच्या कानाला चार मीटरची मर्यादा लागू पडत नाही, हे येथे मुलांना आकड्यांनी दाखवता येते.

जाणीव दुप्पट, ऊर्जा दसपट

आवाज दुप्पट मोठा वाटायला पातळी किती वाढावी लागते? अनेक माणसांवर केलेल्या चाचण्यांतून याचे उत्तर साधारण १० डेसिबल असे मिळते. म्हणजे आपल्याला आवाज दुप्पट वाटतो तेव्हा कानात शिरणारी ऊर्जा दसपट झालेली असते. चौपट वाटतो तेव्हा ती शंभरपट झालेली असते. ज्या सोयीमुळे कान पानांची सळसळ आणि ढगांचा गडगडाट दोन्ही ऐकू शकतो, तिच्यामुळेच धोक्याची सूचना मात्र फार सौम्य होऊन पोहोचते.

इजा होते ती मात्र ऊर्जेच्या प्रमाणात. कानाच्या पडद्याची थरथर हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांमार्फत आतल्या कानात जाते. तेथे गोगलगायीच्या शंखासारखे वळलेले, द्रवाने भरलेले कर्णावर्त असते. त्यातल्या एका पडद्यावर केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात. त्यांना केशपेशी म्हणतात. पडदा हलला की हे तंतू वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. कर्णावर्ताच्या तोंडाशी उंच स्वरांची आणि आतल्या टोकाशी खालच्या स्वरांची नोंद होते. या पडद्यावरून लाट कशी सरकते हे दाखवून देणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका कानात अशा पेशी जन्मतः सुमारे पंधरा ते सोळा हजार असतात. हा सारा साठा वाटाण्याएवढ्या जागेत मावतो. मोठ्या आवाजाने तंतू मोडतात, पेशी थकतात आणि अतिरेक झाला तर मरतात. पक्ष्यांमध्ये नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा तयार होतात. माणसात तसे होत नाही. मिरवणुकीनंतर किंवा फटाके वाजवल्यानंतर कानात शिटी वाजल्यासारखे होते आणि सकाळपर्यंत ते थांबते. आपण म्हणतो, कान बरा झाला. पण दरवेळी सगळेच भरून येते असे नाही.

किती आवाज किती वेळ सोसावा, याचाही हिशेब ३ डेसिबलच्या पायरीनेच मांडतात. 'नायोश' या अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये कामगारांसाठी केलेली शिफारस अशी आहे: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, ८८ मध्ये ४ तास, ९१ मध्ये २ तास, ९४ मध्ये १ तास, ९७ मध्ये अर्धा तास, १०० मध्ये १५ मिनिटे. ऊर्जा दुप्पट झाली की वेळ निम्मा. वरच्या पथकातल्या १०० डेसिबलच्या जागी दोन तास उभा राहणारा मुलगा या शिफारशीच्या आठपट मात्रा एका संध्याकाळी घेतो. एका संध्याकाळीच तो बहिरा होत नाही. पण रोजचा सराव आणि त्यावर कानात इअरफोन, असे वर्षानुवर्षे चालले तर हिशेब साठत जातो. इअरफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचवलेली मात्रा मोठ्यांसाठी ८० डेसिबलमध्ये आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबलमध्ये तेवढाच वेळ अशी आहे.

हे नुकसान चोरपावलांनी येते. बहुतेकांच्या बाबतीत पहिला फटका ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात. स, श, थ, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीतली आणि दुबळी असतात. म्हणून अशा माणसाला बोलण्याचा आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. 'ऐकू येतंय, पण नीट बोला' अशी तक्रार तो समोरच्याबद्दल करतो.

गोंगाटातला वर्ग

कानाला इजा होण्याइतका आवाज शाळेत सहसा नसतो. शाळेतले नुकसान वेगळे आहे आणि ते याच गणितातून दिसते. एका मीटरवर शिक्षकाचा किंचित चढवलेला आवाज ६५ डेसिबल धरू. मोकळ्या मैदानात ८ मीटरवर तो ४७ डेसिबलच उरेल, कारण अंतर तीन वेळा दुप्पट झाले. वर्गात भिंती ध्वनी परतवतात, म्हणून मागच्या बाकापर्यंत समजा ५५ डेसिबल पोहोचतो. बाहेरच्या रस्त्याचा आवाजही तिथे ५५ असेल, तर शिक्षकाचे बोलणे आणि गोंगाट तुल्यबळ झाले. मुलांना शब्द स्पष्ट कळण्यासाठी बोलणे गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वर असावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गातील गोंगाटासाठी ३५ डेसिबल ही मर्यादा सुचवली, ती याच विचाराने.

मोठ्या माणसाला अर्धे वाक्य ऐकू आले तरी उरलेले तो अंदाजाने भरून काढतो. लहान मुलाजवळ तेवढा शब्दसाठा नसतो. घरची भाषा वेगळी असलेल्या, किंवा सर्दीने कान भरलेल्या मुलाची अडचण आणखी मोठी. असे मूल प्रश्न विचारत नाही, चुळबुळ करते, आणि 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळवते.

याचा अभ्यासावर खरोखर परिणाम होतो का? न्यूयॉर्क शहरात एका शाळेच्या इमारतीलगत उंचावरून लोहमार्ग जात होता. इमारतीच्या एका बाजूच्या वर्गांना दर चार-पाच मिनिटांनी गाडीचा खडखडाट ऐकावा लागे. दुसऱ्या बाजूचे वर्ग त्यामानाने शांत होते. शाळा एक, वस्ती एक, अभ्यासक्रम एक. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी दोन्ही बाजूंच्या मुलांच्या वाचनचाचण्यांचे गुण तपासले. गोंगाटाच्या बाजूची मुले मागे होती, आणि वरच्या इयत्तेत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे होते. हा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर रुळांखाली रबराच्या पट्ट्या आणि वर्गांच्या छताला ध्वनिशोषक फरश्या बसवण्यात आल्या. ब्रॉन्झाफ्ट यांनी १९८१ मध्ये पुन्हा गुण पाहिले, तेव्हा दोन्ही बाजूंमधला फरक नाहीसा झालेला होता. मुले तशीच होती, शिक्षकही तसेच होते. गोंगाट कमी झाला होता.

आपल्या शाळेत कोठून सुरुवात करावी, हेही बेरीजच सांगते. समजा, खिडकीतून रस्त्याचे ६५ डेसिबल येतात, पंख्याचे ५५ आणि शेजारच्या वर्गाचे ५०. एकूण बेरीज १७० नव्हे, ६५.५ होते. पंखा बंद केला तरी ६५ च्या वरच राहते. मुले मात्र घामाघूम होतात. पण रस्त्याकडची खिडकी लावून रस्त्याचा आवाज ५५ वर आणला, तर एकूण पातळी सुमारे ५८.५ होते. सर्वांत मोठा गोंगाट आधी गाठावा, बाकीचे नंतर. तो मोठा असेपर्यंत लहानांवर केलेला खर्च वाया जातो.

दुसरा शत्रू म्हणजे घुमारा. रिकाम्या वर्गात टाळी वाजवा आणि मग भरलेल्या वर्गात वाजवा. रिकाम्या वर्गात टाळीचा आवाज रेंगाळतो, कारण सिमेंटच्या भिंती आणि फरशी ध्वनी जवळजवळ शोषतच नाहीत. असे रेंगाळणारे शब्द पुढच्या शब्दांवर चढतात. मागच्या भिंतीवर जाड कापडी पडदा किंवा मुलांची चित्रे लावलेले सुतळीचे जाड तरट टांगले तर उंच स्वरांचा घुमारा कमी होतो.

गोंगाट वाढला की बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याही नकळत चढतो. लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये याची नोंद केली. वर्गात शिक्षकाचा आवाज चढतो, म्हणून मुलांची कुजबुज चढते, म्हणून शिक्षकाचा आणखी चढतो. घसा बसण्याच्या तक्रारी शिक्षकांमध्ये इतर व्यवसायांपेक्षा जास्त आढळतात, यात नवल नाही.

नियमातील आकडे कसे वाचावेत?

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र सरकारने २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांत दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. मर्यादा अशा:

औद्योगिक क्षेत्र — दिवसा ७५, रात्री ७० डेसिबल
व्यापारी क्षेत्र — दिवसा ६५, रात्री ५५ डेसिबल
निवासी क्षेत्र — दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल
शांतता क्षेत्र — दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल

रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर राज्य शासनाला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. उघड्यावरील ध्वनिवर्धकांना रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. सणासमारंभांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ध्वनिवर्धकांवरील रात्रीचे निर्बंध अधोरेखित केले.

आता हा तक्ता पट मोजत वाचा. निवासी भागात रात्रीची मर्यादा दिवसापेक्षा १० डेसिबलने कमी, म्हणजे परवानगी असलेली ऊर्जा दहावा हिस्सा. शाळेजवळ दिवसा ७० डेसिबल मोजले गेले, तर ते शांतता क्षेत्राच्या मर्यादेच्या शंभरपट झाले. 'वीस डेसिबल जास्त' आणि 'शंभरपट' ही एकाच गोष्टीची दोन वर्णने आहेत. दुसरे ऐकल्यावर माणूस दचकतो.

या मर्यादांमधील डेसिबल हे कानाच्या संवेदनशीलतेनुसार दुरुस्त केलेले असतात. त्यांना डेसिबल-ए म्हणतात. खालचे स्वर आपल्याला कमी ऐकू येतात, म्हणून १०० हर्ट्झचा ध्वनी मोजताना त्यातून सुमारे १९ आणि ५० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. परिणामी डीजेच्या ठोक्यांचा बराच भाग मापकात उतरतच नाही. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. असा ध्वनी घरांना वळसा घालतो, भिंतीतूनही बराचसा आत येतो आणि खिडक्यांची तावदाने थरथरवतो. मापकाचा आकडा कमी असूनही छातीत धडधडते, ते याच कारणाने.

वर्गात करून पाहण्यासाठी

ध्वनिमापक नसला तरी मोबाइलवरील ध्वनिमापनाचे अ‍ॅप या कामाला चालते. त्याचा आकडा कायदेशीर पुरावा ठरत नाही, पण दोन मोजण्यांमधला फरक समजण्यापुरता तो पुरेसा असतो. फोन एकच वापरावा आणि मोजणी प्रत्येक वेळी तीनदा घ्यावी.

१. फोन मध्यभागी ठेवून भोवती गोल करा. आधी एका मुलाने एकसारख्या आवाजात वाचावे, मग दोघांनी, चौघांनी, आठांनी. दरवेळी साधारण ३ डेसिबल वाढ मिळते का?

२. मैदानात गजराचे घड्याळ ठेवून १, २, ४ आणि ८ मीटरवर मोजा. उतार ६ डेसिबलपेक्षा कमी मिळाला तर का, याची चर्चा करा. जवळची भिंत, वारा आणि मैदानावरचा मूळचा गोंगाट ही कारणे मुले स्वतः शोधतील.

३. पान, पाल, पार, पाठ किंवा साप, शाप, थाप यांसारखे, एका अक्षराने बदलणारे वीस शब्द निवडा. शिक्षकाने फळ्याजवळून तोंड वहीआड धरून ते सांगावेत आणि मुलांनी लिहावेत. पहिल्या आणि शेवटच्या बाकावरच्या चुका वेगवेगळ्या मोजा. मग जागा अदलाबदल करून, दुसऱ्या शब्दांनी, रस्त्याकडची खिडकी लावून पुन्हा घ्या. शेवटच्या बाकावर चुका जास्त होत असतील, तर तो दोष मुलांचा की जागेचा, हे अदलाबदलीनंतर कळेल.

४. शाळेचा नकाशा काढून प्रत्येक वर्गातली सकाळची, मधल्या सुट्टीनंतरची आणि शाळा सुटण्यापूर्वीची पातळी त्यावर लिहा. सर्वांत गोंगाटाच्या खोलीत सध्या कोणता वर्ग बसतो ते पाहा. तेथे पहिली-दुसरीची, नुकतीच वाचायला शिकणारी मुले बसत असतील, तर त्यांना शांत बाजूची खोली द्यावी आणि गोंगाटाच्या खोलीत चित्रकलेचे तास किंवा शाळेचे सामान हलवावे. या अदलाबदलीला मुख्याध्यापकांची संमती लागते, पैसा लागत नाही.